शिट्टीच्या दोरीवरची चावी

लग्नकार्यात जेवणाच्या टेबलावर कुणीतरी हमखास विचारतं, "रिटायर झाल्यापासून काय करता?" मी सांगते, "शिक्षकांना शिक्षा न करायला शिकवते." त्यावर समोरचे गृहस्थ घास हातात धरून म्हणतात, "अहो, आम्ही मार खाल्ला म्हणून तर घडलो!"

हे वाक्य मी ठाण्यापासून टिटवाळ्यापर्यंत इतक्या जणांकडून ऐकलंय, की आता ते ऐकताना माझ्या चेहऱ्यावरची रेषही हलत नाही. मी फक्त विचारते, "तुमच्या वर्गात मार खाऊनही न घडलेले कितीजण होते हो?" मग ते गृहस्थ बासुंदीकडे वळतात. न घडलेल्यांची कुणी आठवण ठेवलेली नसते. ते लग्नाला येत नाहीत.

मी ठाण्याच्या शाळेत वर्षानुवर्षं भूगोल शिकवला. आता शाळाशाळांत जाऊन शिक्षकांची प्रशिक्षणं घेते. शाळा मला कधी बोलावते? एक तर कुणा पालकाने शिक्षकाचा मारतानाचा व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलेला असतो, नाहीतर मुख्याध्यापक ओरडून ओरडून दमलेले असतात. प्रशिक्षण शनिवारी दुपारी, शाळा सुटल्यावर. म्हणजे समोर भुकेली, वैतागलेली, घरी जायची घाई असलेली माणसं. निम्म्यांच्या बाकाखाली तपासायचे पेपर असतात आणि मी फळ्याकडे वळले की लाल पेनं चालू लागतात. मी ते बघूनही बघत नाही. शिकवण्याच्या धंद्यातल्या माणसाला विद्यार्थी म्हणून बसवणं किती अवघड असतं, हे मला ठाऊक आहे.

माझ्या कामाचं गुपित वगैरे काही नाही. पोराने काही उद्योग केला, तर त्याला तीन प्रश्न विचारायचे. काय झालं? त्याचा त्रास कुणाकुणाला झाला? आणि आता ते नीट करायला तू काय करशील? संपलं. सगळे म्हणतात, "एवढंच?" मी म्हणते, "नाही, प्रश्न विचारल्यावर गप्प बसायचं." तिथेच सगळी गाडी अडते. शिक्षकाला शांतता सोसवत नाही. कोलशेतच्या एका शाळेत आम्ही नाटक करून बघितलं. गणिताच्या बाई उनाड मुलगा झाल्या आणि विज्ञानाचे सर, सरच राहिले. सरांनी पहिला प्रश्न विचारला, "काय झालं?" बाई उत्तरासाठी तोंड उघडणार तेवढ्यात सर सुरू झाले, ते त्यांच्या लहानपणी घरात वीज नव्हती इथपर्यंत पोचले. शेवटी गणिताच्या बाई बाकावर डोकं टेकून घोरायला लागल्या आणि सगळा हॉल हसून हसून बेजार झाला. सरही हसले. पण नंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, मी रोज असंच करतो हो."

सगळीकडे असं जमत नाही, हेही सांगायला हवं. वागळे इस्टेटकडच्या एका शाळेचे चालक मुळात कारखानदार. त्यांनी मला विचारलं, "आउटपुट कधीपासून दिसेल?" मी म्हटलं, दोन-तीन वर्षं धरून चला. त्यांनी घड्याळात पाहिलं, चहा मागवला, आणि नंतर माझा फोनही उचलला नाही. अजून एका चांगल्या शाळेत मुख्याध्यापक बदलले आणि महिन्याभरात मुलं पुन्हा उन्हात उभी राहू लागली. त्या रस्त्याने जाताना मी अजूनही मान वळवते. त्याचं मला वाईट वाटतं आणि वाटत राहणार.

पण मी आज लिहायला बसले आहे ते कल्याण पूर्वेच्या शाळेबद्दल. आणि म्हात्रे सरांबद्दल.

म्हात्रे सर पीटीचे. डोंबिवलीजवळच्या गावातले, आगरी, आवाज असा की मैदानाच्या या टोकाला बोलले तर त्या टोकाच्या पोराच्या चपला सरळ होतात. गळ्यात जाड काळी दोरी, तिला शिट्टी, आणि शिट्टीशेजारी एक पितळी चावी. ही चावी जिन्याखालच्या क्रीडासाहित्याच्या खोलीची. खोलीत शाळेचे ढोल, ताशे आणि लेझमा. ते सर स्वतः दुरुस्त करत, पुसत, झाकून ठेवत. कायद्याने छडी बंद केल्यापासून ती कपाटावर पडून होती, पण सरांच्या शिट्टीवर उठाबशा व्यवस्थित चालू होत्या. आज हेच म्हात्रे सर माझ्याबरोबर प्रशिक्षणाला येतात आणि जेवणानंतरचं सत्र घेतात, कारण त्यांच्यासमोर कुणी पेंगू शकत नाही. पण पहिल्या शनिवारी ते शेवटच्या बाकावर हाताची घडी घालून बसले होते, आणि शेवटी एवढंच म्हणाले, "बाय, तुमचं सगलं बरोबर. पन ही पोरं तुमची नाय, आमची हायेत."

महिन्याभराने मी पुन्हा गेले. जिना चढत होते तर एका वर्गातून आवाज आला, "गप्प बसतोस की देऊ जबाबदारी?" आणि एक पोरगा अक्षरशः हात जोडून म्हणत होता, "नको ना बाई! परत नाही करणार! जबाबदारी नको!"

मी कठडा धरून उभी राहिले. चौकशी केली तेव्हा कळलं, की माझ्या प्रशिक्षणाची अंमलबजावणी जोरात चालू होती. उशिरा आला, त्याला मैदान झाडायची जबाबदारी. बडबड केली, त्याला आठवडाभर फळा पुसायची जबाबदारी. डबा खाताना सांडलं, पाण्याच्या टाकीची जबाबदारी. उठाबशांचं नुसतं बारसं झालं होतं. मी शिक्षकखोलीत बसून कळवळून सांगत होते, की जबाबदारी आपण पोराच्या डोक्यावर ठेवायची नसते, ती त्याने उचलायची असते. तर म्हात्रे सर पहिल्यांदाच खो खो हसले. "बाय, पोरं छडीला नाय घाबरली एवढी हिला घाबरतात! तुमची पद्धत चालली की!"

मला राग यायला हवा होता, पण मीही हसत सुटले. त्या दिवशी त्यांनी मला चहा पाजला.

आणि मग जानेवारीच्या सुरुवातीला मुख्याध्यापिका जोगळेकर बाईंचा फोन आला. शांत, शिस्तीच्या, शुद्ध बोलणाऱ्या बाई. त्या दिवशी नमस्कारही न करता म्हणाल्या, "तुम्ही येऊन बघाच. नववी ड च्या मुलांनी म्हात्रे सरांचे ढोल फोडले. मी तिघांचे दाखले तयार करायला सांगितले आहेत."

दाखला हातात देणं म्हणजे शाळेतून नाव काढणं. भर वर्षात, नववीत, ड तुकडीतल्या पोराला दुसरी कुठली शाळा घेणार? म्हणजे शिक्षण संपलं. आणि ड तुकडी म्हणजे काय, हे शाळा शिकलेल्या प्रत्येकाला कळतं. गुण बघून अ, ब, क पाडून झाल्यावर उरलेली सगळी तिथे.

मी जिन्याखालच्या खोलीत गेले. सगळ्या ढोलांची पानं, म्हणजे ज्यावर थाप पडते ते वरचं कातडं, फाडलेली होती. नुसती फाडलेली नाही, कर्कटकाने भोकं पाडून उभी चिरलेली. खिडकीचा सुटलेला गज वाकवून, मोकळ्या तासाला तिघं आत शिरली होती. रोहन, ओमकार आणि त्यांची म्होरकी साक्षी. तिघांनी कबूलही केलं होतं. साक्षी तर म्हणे मान वर करून म्हणाली, "हो, फाडले."

म्हात्रे सर एका ढोलाशेजारी जमिनीवर बसले होते. ओरडत नव्हते. मला तेच फार लागलं. मी शेजारी टेकले तर म्हणाले, "सव्वीस जानेवारीला मैदानावर वाजायचे होते. आता मना काय सांगू नका." काय सांगणार? नुकसान माझं नव्हतं.

बाहेर पडले तर फाटकाशी साक्षीची आई उभी. एमआयडीसीतल्या कंपनीत पॅकिंगचं काम करणारी बाई, अर्धा दिवस रजा टाकून आलेली. तिने माझा हात धरला. "मॅडम, तुमी मोठ्या बाईंना सांगा. मारा तिला. पाहिजे तेवढं मारा, मी काय बोलणार नाय. पण दाखला देऊ नका."

इतकी वर्षं मी मार चुकीचा आहे म्हणून सांगत हिंडते, आणि एक आई माझ्यापाशी पोरीसाठी मार मागत होती. मी तशीच मागे फिरले आणि जोगळेकर बाईंच्या खोलीत जाऊन म्हटलं, "मला सव्वीस जानेवारीपर्यंत वेळ द्या. त्यानंतर तुम्हाला योग्य वाटेल ते करा."

त्यांनी टेबलावरचा पेपरवेट बाजूला सरकवला. "तोपर्यंत दाखले माझ्या खणात राहतील. पण म्हात्रे सर तयार व्हायला हवेत. त्यांना डावलून मी काही करणार नाही."

हे अगदी बरोबर होतं. ज्याचं मोडलं त्याच्याशिवाय नीट करणं होत नाही.

म्हात्रे सर तयार नव्हते. "मी त्यांच्यासमोर बसनार नाय. बसलो तर हात उठंल." मी म्हटलं, "नका बसू. पण मग त्यांना कळणार कसं, काय फाटलं ते? त्यांच्या दृष्टीने कातडं फाटलं." दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी निरोप आला. शाळा सुटल्यावर बसू.

आमची बसण्याची पद्धत अशी. सतरंजीवर गोल बसायचं, खुर्ची कुणालाच नाही. एक वस्तू हातोहात फिरवायची. ती ज्याच्या हातात, त्याने बोलायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं, मुख्याध्यापक असले तरी. मी त्यासाठी एक गुळगुळीत नारळाची करवंटी बाळगते. त्या दिवशी पिशवी उपसली तर करवंटी घरी राहिलेली. मी इकडेतिकडे डस्टर शोधत होते, तेवढ्यात म्हात्रे सरांनी गळ्यातली दोरी काढली आणि शिट्टी, चावीसकट सतरंजीच्या मधोमध ठेवली. "ही घ्या."

गोलात तिघं मुलं, साक्षीची आई, जोगळेकर बाई, सर, मी, आणि अ वर्गातली पूर्वा. पूर्वा यंदा ढोल वाजवणार होती. नुकसान तिचंही होतं, म्हणून तिला बोलावलं होतं.

आधी सर बोलले. आवाज बारीक. "मी पोरगा होतो तवा आमच्या गावच्या मंडळात मला ढोल देत नव्हते. लहान हायेस बोलायचे. मग मी दोऱ्या आवळायचं शिकलो. त्यातून वाजवायचं शिकलो. हे शालेतले ढोल मी माझ्या हातानं बांधलेत. तुमी माझं काय फाडलं ते तुमाला ठाव नाय." आणि शिट्टी पुढे सरकवली.

रोहन आणि ओमकार "सॉरी सर" म्हणून मोकळे झाले. तसल्या सॉरीचं मला काही वाटत नाही, पोरं ती खिशातच ठेवून हिंडतात. मग दोरी साक्षीच्या हातात आली. ती शिट्टी बोटांत फिरवत राहिली. मी मनात म्हणत होते, कुणी मध्ये बोलू नका रे बाबांनो. जोगळेकर बाईंचे ओठ दोनदा हलले. पण त्या थांबल्या.

"सर," साक्षी म्हणाली, "मी पण आलेली ढोलाला. जूनमध्ये, सिलेक्शनला. तुम्ही विचारलंत, कुठला वर्ग. मी बोलली, ड. तुम्ही बोललात, ड ची पोरं हात लावतील आणि पानं फाटतील. जा वर्गात. सगळे हसलेले."

म्हात्रे सरांनी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. नियम मोडून बोललेच. "मना आठवत पन नाय गं."

"मला आठवतं," ती म्हणाली.

एखाद्या भोळ्या माणसाला वाटलं असतं, की झालं, खरी चूक सरांची होती, पोरगी बिचारी. मला तसं वाटत नव्हतं. साक्षीची मान अजून ताठच होती. तिला आपलं दुःख ठाऊक होतं, दुसऱ्याचं अजून दिसलं नव्हतं. मी दोरी पूर्वाकडे दिली.

पूर्वा घाबरत बोलली. "मला पण पहिल्यांदाच मिळालेला ढोल. दरवर्षी मुलांनाच देतात. मी पप्पांना सांगितलं, तर ते गावाहून आजीला आणणार होते बघायला." एवढं बोलून ती ओढणीने नाक पुसू लागली.

साक्षीची मान तेव्हा खाली गेली. सरांच्या बोलण्याने गेली नव्हती, शेजारी बसलेल्या आईच्या रडण्याने गेली नव्हती. "तुझा होता ते मला माहीत नव्हतं," ती पुटपुटली. आणि मग ढसाढसा रडली.

तिसरा प्रश्न मी विचारायचा होता. पण माझ्याआधी म्हात्रे सरच म्हणाले, "मंग? आता काय करायचं? तूच सांग." आणि प्रश्न विचारून ते गप्प बसले. शेवटच्या बाकावर हाताची घडी घालून बसणारा माणूस! मला उठून टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

साक्षी म्हणाली, "आम्ही नवीन पानं बसवतो. सर, तुम्ही शिकवा. आणि आम्ही नाही वाजवणार या वर्षी. पूर्वा वाजवेल."

न वाजवण्याची अट तिची. आमच्यापैकी कुणी ती घातली नव्हती.

पुढचे दिवस जिन्याखाली जे चाललं ते बघायला मी मुद्दाम जात असे. सरांनी गावच्या मंडळातून ठेवणीतली पानं आणली. ढोल बांधणं सोपं नसतं. पान कड्यावर बसवायचं, दोरी ओवायची, आणि मग चारी बाजूंनी सारखी आवळत न्यायची. एक बाजू जास्त ओढली तर आवाज बसतो, आणखी ओढली तर पान जातं. साक्षीचं पहिलं पान असंच गेलं, फट्‌ करून. ती दोरी फेकून उठली. "बघा, बोललेलात ना सर? ड ची पोरं हात लावतील आणि फाटेल!"

सर जागचे हलले नाहीत. "माझं पन पयलं फाटलेलं. मी अ मध्ये होतो. बस खाली."

ती बसली. पोरांच्या बोटांना फोड आले, ओमकारने फडकी बांधली, आणि काही दिवसांनी डबा खायच्या सुट्टीतही तिथे गर्दी होऊ लागली. ड तुकडीतली बाकीची पोरं दोरी धरायला येत होती. एकदा पूर्वा येऊन बसली आणि तिने साक्षीला विचारलं, "हे कसं करतात?" साक्षीने इतकं तपशीलवार समजावलं, की मी आणि सर एकमेकांकडे बघत राहिलो. त्या मुलीला वर्गात कुणी कधी काही समजावून सांगायला उभं केलंच नव्हतं.

सव्वीस जानेवारी. झेंडावंदन झालं, भाषणं झाली, आणि मग ढोल सुरू झाले. पूर्वाने पहिली थाप मारली आणि मैदानाच्या मागच्या इमारतींमधून माणसं गॅलरीत आली. तिची आजी पुढच्या खुर्चीत, पदर तोंडाला लावून. लेझमा खुळखुळत होत्या, ताशे तडतडत होते. साक्षी, रोहन, ओमकार कडेला उभे होते. सगळं मैदान पोरांची पावलं बघत होतं, आणि ही तिघं फक्त दोऱ्या बघत होती. एकही दोरी सैल झाली नाही.

शेवटची थाप पडल्यावर टाळ्या थांबेनात. मी मात्र हातरुमाल पिळत होते, कारण माझी मुदत संपली होती आणि दाखले अजून खणात होते. फाटकाशी साक्षीची आई कामाचे कपडे घालूनच उभी होती. तिच्या मनात काय चाललं असेल ते मला न सांगता कळत होतं.

जोगळेकर बाई व्यासपीठावरून उतरून सरळ ढोलांपाशी आल्या. "आत ठेवून घ्या आणि कुलूप लावा. चावी कुठे आहे?"

आम्ही सगळ्यांनी सवयीने म्हात्रे सरांच्या गळ्याकडे पाहिलं. दोरीला नुसती शिट्टी होती.

"माझ्याकडं काय बघता?" सर म्हणाले. "ज्यांनी बांधलेत त्यांना विचारा."

साक्षीने खिशातून पितळी चावी काढली. ती पुढे करावी की धरून ठेवावी, तिला कळेना. मुख्याध्यापिकांनी चावीकडे पाहिलं, मग तिच्या बोटांवरच्या सुकलेल्या फोडांकडे. प्रश्न त्यांनी विचारला नाही आणि भाषणही दिलं नाही.

"उद्या प्रार्थनेच्या आधी उघडून ठेव," त्या म्हणाल्या. "पाचवीच्या मुलांना ढोल कसा बांधतात ते बघायचंय. तू दाखवशील."

उद्या. एव्हाना फाटकापासून ढोलांजवळ आलेल्या आईने तो शब्द ऐकला आणि ती तिथेच खाली बसली.

"हो बाई," साक्षी म्हणाली. "मी लवकर येते."